उद्याच्या बाईंच्या ताटात काय?

(जव्हार येथे महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या एकदिवसीय शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

सुरुवातीला एक साधा प्रश्न विचारते. आज सकाळी घरातून निघताना तुमच्यापैकी किती जणी काही खाऊन निघाल्या? चहा धरायचा नाही. हात वर करा. बघा. मोखाड्याहून पहिल्या एस.टी.नं आलेल्यांचं मी समजू शकते, पण जव्हारातल्या जव्हारात राहणाऱ्यांचेही हात खालीच आहेत. ‘घरातल्या बाकीच्यांनी खाल्लं का?’ असं विचारलं असतं तर सगळे हात वर गेले असते. कारण ते करून, वाढून, झाकूनच आपण निघालो.

मला दिलेला विषय आहे ‘अध्यापक विद्यालयातील विद्यार्थिनींच्या आरोग्यविषयक सवयी’. संयोजकांनी विषय सांगितला तेव्हा मी म्हटलं, यात ‘सवयी’ हा शब्द आहे तोच मला खटकतो. तरी राहू दे. बोलता बोलता का खटकतो ते कळेल.

गेली काही वर्षं मी या दोन तालुक्यांत काम करते आहे. त्यात एका अध्यापक विद्यालयात आरोग्याची सत्रं घ्यायचं काम आलं. विद्यालयाचं नाव सांगत नाही, कारण बोलायचं आहे ते त्या एका विद्यालयाविषयी नाही. डी.एल.एड., म्हणजे आपलं जुनं डी.एड. करणाऱ्या मुली. मुलगेही होते, पण मुली जास्त. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, एखाददुसरी कातकरी. कातकरी मुलगी बारावीपर्यंत पोचून पुढं या वर्गात येऊन बसते, हीच केवढी मोठी गोष्ट आहे, ते तुम्हाला सांगायला नको. बहुतेक जणी घरातल्या पहिल्याच शिकलेल्या. आई वीटभट्टीवर, बाप वीटभट्टीवर, दिवाळी झाली की घराला कुलूप आणि भिवंडी-वसईकडं स्थलांतर. मुलगी आश्रमशाळेत राहिली म्हणून शिकली.

मी समाजकार्याची पदवी घेतलेली. माझ्याकडं तक्ते होते, चित्रं होती, प्रश्नावली होती. पहिल्या दिवशी मी प्रश्नावली वाटली. संतुलित आहार म्हणजे काय? लोह कशात असतं? हात कधी धुवावेत? तंबाखूचे दुष्परिणाम कोणते? उत्तरं काय सुरेख होती! कर्बोदकं, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वं, खनिजं, पाणी, सगळं ओळीनं. अक्षर तर असं की फळ्यावर लिहून ठेवावं. मी खूष. वाटलं, इथं माझं काम निम्मं झालेलंच आहे.

दुसऱ्या सत्रात मी कोरा कागद दिला आणि सांगितलं, काल सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडात काय काय गेलं ते लिहा. नाव घालू नका. वर्ग एकदम गप्प झाला. काहींनी एका ओळीत संपवलं: ‘चहा, भात, चहा, भात.’ काहींनी वडापाव लिहिला. एकीनं लिहिलं, ‘सकाळी काही नाही. दुपारी बिस्किटाचा पुडा, दोघींत. रात्री भात आणि मिरची.’ एका कागदावर नुसतं ‘मिसरी’ लिहिलं होतं आणि नंतर खोडलं होतं.

हा काही अभ्यास नव्हता. त्याचे टक्के काढून मी तुम्हाला सांगणार नाही. पण दोन्ही गठ्ठे शेजारी शेजारी ठेवून पाहिले तेव्हा मला माझीच लाज वाटली. पहिल्या गठ्ठ्यात जे नव्हतं ते शिकवायला मी निघाले होते, आणि त्या मुलींना ते सगळं पाठ होतं.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी झालेला प्रसंग सांगते. सराव पाठ चालू होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग, पाठाचा विषय ‘आपला आहार’. छात्राध्यापिका वावरकडची. पाठ टाचण नेटकं, आणि तक्ता इतका देखणा की मार्गदर्शक शिक्षकांनी आधीच कौतुक केलेलं. तक्त्यावर सफरचंद, द्राक्षं, दुधाचा पेला, अंडी, गाजर, चीज. चीजचा तो तिकोनी तुकडा, भोकं पाडलेला. तो त्या वर्गातल्या एकाही मुलानं पाहिलेला नव्हता, आणि तिनंही नव्हता. ‘रोज एक फळ खावं’ असं म्हणत ती तक्त्याकडं वळली आणि खाली कोसळली. पोरं हसली, मग रडायला लागली. आम्ही तिला उचलून सरकारी दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन ७.८.

ज्यांना या आकड्याची ओळख नाही त्यांच्यासाठी सांगते. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. ८ च्या खाली गेलं की तीव्र रक्तक्षय. ही एकटी नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. त्याच्या आधीच्या पाहणीत तो ४८ टक्के होता. म्हणजे चार-पाच वर्षांत कमी व्हायचा तो वाढला. देशात १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये तो ५९ टक्के. आज या खोलीत बसलेल्यांपैकी निम्म्या जणी त्यात आहेत असं समजायला हरकत नाही. दम लागतो, डोळ्यांपुढं अंधारी येते, केस जातात, चिडचिड होते, आणि आपण म्हणतो, ‘बाईच्या जातीला एवढं चालायचंच.’

आता वावर म्हटलं की तुमच्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना काय आठवतं ते मला माहीत आहे. १९९२ च्या पावसाळ्यात वावर-वांगणीत शंभराहून अधिक मुलं दगावली. तेव्हा हा ठाणे जिल्हा होता. पालघर जिल्हा झाला २०१४ साली. कुपोषण आणि त्यावर आलेले आजार. एरवी ज्या गोवरानं, हगवणीनं, तापानं मूल चार दिवस आजारी पडून उठतं, त्यानंच ही मुलं गेली, कारण अंगात काही नव्हतंच. मंत्री आले, पत्रकार आले, पुढं १९९५ साली नवसंजीवन योजना आली, भरारी पथकं आली. २०१६ साली मोखाड्यातल्या बालमृत्यूंच्या बातम्या पुन्हा पहिल्या पानावर आल्या. तोवर वावरच्या वेळी वाचलेल्या मुलांची मुलं शाळेत जायला लागली होती.

त्या कोसळलेल्या मुलीच्या आईला मी नंतर भेटले. १९९२ साली आई सात-आठ वर्षांची होती. तिचा धाकटा भाऊ त्या पावसाळ्यात गेला. हे तिनं मला सांगितलं ते अगदी सहज, नागली पाखडता पाखडता. म्हणाली, ‘तेव्हा पोरं गेली, तं समद्यांना दिसलं. माही पोर चालते, बोलते, शिकते. तिला काय झालं, ते कसं दिसंल?’

मैत्रिणींनो, त्या आईनं जे विचारलं त्याचं उत्तर आपल्या योजनांत नाही. शून्य ते सहा वयाची मुलं अंगणवाडीत तोलली जातात. गरोदर आणि स्तनदा मातांना २०१५ पासून अमृत आहार योजनेत एक वेळचं चौरस जेवण आलं. शाळेतल्या मुलांना खिचडी आहे. मधल्या वयाची, अठरा-एकोणीस-वीसची, लग्न न झालेली, शिकणारी मुलगी मात्र कुणाच्याच वहीत नाही. ती पुन्हा वहीत येते ती पोट आल्यावर. तोवर उशीर झालेला असतो, कारण रक्त नऊ महिन्यांत कितीसं भरणार? कमी वजनाचं मूल तिथंच ठरून जातं. बालमृत्यूची गोष्ट बाळापासून सुरू होत नाही, बाळाच्या आईच्या वसतिगृहातल्या ताटापासून होते.

त्या ताटाबद्दल बोलू.

आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांत पूर्वी खानावळ असायची. २०१८ साली शासनानं निर्णय घेतला की खानावळीऐवजी जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या खात्यात जमा करायचे. त्या निर्णयाविरुद्ध मुलामुलींनी त्याच वर्षी जुलैत पुण्याहून नाशिककडं पायी मोर्चा काढला होता, आठवत असेल. शहरातल्या बऱ्याच लोकांना तो मोर्चा कळलाच नाही. पैसे हातात मिळतायत, तर तक्रार कसली? मलाही आधी तसंच वाटलं होतं. खानावळीतल्या पातळ डाळीपेक्षा हातात पैसे बरे, आपल्या मनाचं खातील.

मनाचं खाणं हे मुलाला जमतं. मुलीच्या बाबतीत आधी ते मन कुणाचं, ते पाहावं लागतं. ज्या दिवशी खात्यात पैसे पडतात त्या दिवशी घरून फोन येतो. कधी भावाला मोबाईल घ्यायचाय, कधी खरंच आजी आजारी आहे, कधी खावटी संपलीय. मुलगी पैसे पाठवते. कुणी जबरदस्ती करत नाही. लहानपणापासून तिनं आईला पातेलं खरवडून जेवताना पाहिलेलं असतं. तिला वेगळं काही शिकवावं लागत नाही. उरलेल्या पैशांत महिना काढायचा. तांदूळ घरून आणलेला असतो, म्हणून भात. भाजीला पैसे लागतात, म्हणून मिरची. भूक मारायला चहा. आणि दाताला मिसरी.

मिसरीबद्दल जरा थांबते. ‘छात्राध्यापिका मिसरी लावतात’ हे कळल्यावर विद्यालयात मोठी खळबळ झाली. शाळेच्या दारावर ‘तंबाखूमुक्त शाळा’ अशी पाटी, २००३ च्या कायद्यानं शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी, आणि उद्याच्या शिक्षिकाच मिसरी लावतात! तंबाखूविरोधी शपथ घेतली गेली. मुलींनी खणखणीत आवाजात घेतली. मी एकीला बाजूला घेऊन विचारलं, कधीपासून गं? म्हणाली, ‘बाई, वसतिगृहात आल्यापासून. सकाळी लावली की दुपारपर्यंत भूक लागत नाही.’ तंबाखूनं तोंडाचा कर्करोग होतो, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. मुलग्यांच्या खिशातल्या गुटख्याबद्दल मात्र कुणी खळबळ केली नाही. राज्यात त्याला २०१२ पासून बंदी आहे, हे फक्त आठवण म्हणून सांगते.

पाण्याचंही तेच. ‘दिवसाला आठ-दहा पेले पाणी प्या’ हा माझ्या तक्त्यावरचा आवडता मुद्दा. सराव पाठाच्या दिवशी या मुली सकाळी निघताना पाणी पीत नाहीत आणि संध्याकाळी परत येईपर्यंत पीत नाहीत. का, तर ज्या शाळेत पाठ असतो तिथल्या संडासाला कडी नाही, किंवा तो मुलांचाच आहे, किंवा त्यात पाणी नाही. पाळी चालू असेल तर विचारूच नका. लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं, ताप, हे इतकं सर्रास की त्याला दुखणं म्हणावं असंही त्यांना वाटत नव्हतं. आणि हे सगळं कुठं? तर जिथं पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो, मोखाड्याच्या हद्दीतल्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात पाड्यापाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते तिथं.

व्यायामाचं सांगितलं तर हसाल. वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास आहे. मुलगे व्हॉलीबॉल खेळतात. मुली कडेला बसून वह्या पूर्ण करतात. ‘तुम्ही का खेळत नाही?’ असं विचारलं तर एकमेकींकडं पाहून हसल्या. ओढणी, पोशाख, मुलग्यांची टिंगल. संध्याकाळी अंधार पडायच्या आत वसतिगृहाचं फाटक बंद. ज्या मुलींनी लहानपणी दोन-दोन हंडे डोक्यावर घेऊन टेकाड चढलं, त्यांना मी रोज अर्धा तास चालायचे फायदे सांगत होते! एकीनं मला विचारलं, ‘बाई, हंडे आणणं व्यायामात धरतात का?’ मी म्हटलं, शरीराला कष्ट होतात, पण व्यायाम हा आपल्या मर्जीनं, आपल्यासाठी करायचा असतो. ती म्हणाली, ‘मग नाही केला कधी.’

आता माझी एक चूक सांगते. ती सांगितली नाही तर हे बोलणं खोटं होईल.

ती मुलगी कोसळल्यावर मी कंबर कसली. लोहाच्या गोळ्या मिळवल्या. वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी आठवड्याला एक निळी गोळी, लोह आणि फॉलिक ॲसिडची, हा सरकारचा कार्यक्रम २०१३ पासून आहे. मुली ती घेत नव्हत्या. मळमळतं, संडासला काळं होतं, म्हणून गोळ्या खिडकीबाहेर जात होत्या. मी रागावले. दर सोमवारी माझ्यासमोर गोळी गिळायची, असा नियमच केला. अगदी पोलिसासारखा. त्यात एक मुलगी होती. तिचे सांधे दुखायचे, हाडं ठणकायची, अधूनमधून डोळे पिवळे दिसायचे. ती गोळी घ्यायला कां कूं करायची. मी तिला सगळ्यांसमोर बोलले, की अभ्यास टाळायला दुखण्याचं निमित्त करतेस. शेवटी एका परिचारिका ताईंनी माझा कान धरला. म्हणाल्या, हिची सिकलसेलची तपासणी केलीत का?

केली नव्हती. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सिकलसेल हा रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. आपल्या आदिवासी भागात तो आहे हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. त्यातला रक्तक्षय लोहाच्या गोळीनं बरा होत नाही. तिथं लोह द्यायचं की नाही हे तपासून डॉक्टरांनी ठरवायचं असतं. आणि सिकलसेलच्या माणसानं सगळ्यात आधी सांभाळायचं ते पाणी. अंगातलं पाणी कमी झालं की पेशी अडकतात आणि त्या जीवघेण्या कळा येतात. म्हणजे जी मुलगी संडासाला कडी नाही म्हणून दिवसभर पाणी पीत नव्हती, तिला मी आळशी म्हटलं होतं. मी तिची माफी मागितली, वर्गासमोरच, कारण बोलले होते वर्गासमोर. ती काही बोलली नाही. नंतर एकटी येऊन एवढंच म्हणाली, ‘माझ्या कार्डावर ते लिहू नका बाई. लग्न मोडंल.’

हा प्रश्न आपल्या संघटनांनी हातात घ्यायचा आहे. २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम चालू झाली. तपासण्या होतायत, कार्डं मिळतायत. तपासणी व्हायलाच हवी. पण मुलीच्या हातातलं कार्ड गावभर होतं आणि मुलाचं खिशात राहतं. वाहक दोघंही असू शकतात, दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणाला चारात एक शक्यता मूल आजारी निघण्याची, हे गणित दोघांचं आहे. गावात मात्र ते ‘पोरीच्या रक्तात दोष’ एवढंच होतं. रक्ताचा अहवाल मुलीच्या हातात, एकटीच्या हातात, तिच्या परवानगीशिवाय शिक्षकाला नाही, वसतिगृहाच्या गृहपालांना नाही, बापाला नाही, अशी मागणी आपण करू शकतो का, त्यावर दुपारच्या गटचर्चेत बोला.

बरं, या सगळ्यात काही केलं की नाही? केलं. थोडं जमलं, थोडं फसलं.

तक्त्यापासून सुरुवात केली. सफरचंद काढून टाकलं. मुलींना सांगितलं, तुमच्या आजीनं तुमच्या वयात काय खाल्लं ते विचारून या. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या आल्या त्या पिशव्या भरूनच. नागली, वरई, उडीद, खुरासणी, आंबाडी, सुकट, मोहाच्या दोड्यांचं तेल. रानभाज्यांची नावं तर मी लिहून घेता घेता थकले: शेवळी, कर्टोली, टाकळा, कुर्डू, भारंगी, बांबूचे कोंब. शेवळी शिजवताना काकडं घालावी लागतात नाहीतर घसा खाजतो, हे त्यांनी मला शिकवलं. माझ्या समाजकार्याच्या पदवीत ते नव्हतं. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास, हे मी त्यांना सांगितलं. दोन्ही बाजूंनी देवाणघेवाण झाली, असं म्हणू.

पण एक गोष्ट तेव्हा कळली. या मुली घरी नागलीची भाकर खात होत्या आणि विद्यालयात ती आणत नव्हत्या. काळी भाकर डब्यात दिसली की आश्रमशाळेत हसायचे, म्हणून. ‘डोंगरी’ म्हणायचे. २०२३ साली सारं जग तृणधान्य वर्ष साजरं करत होतं, मुंबईत नाचणीची बिस्किटं पुड्यात घालून विकली जात होती, आणि ती पिकवणाऱ्यांची लेक चार माणसांत तिची भाकर काढायला लाजत होती. नागली वरकस जमिनीवर, उतारावर येते, वर्षानुवर्षं कणगीत राहते, तिला कीड लागत नाही. तीही लावणी आता कमी होते आहे, कारण लावणी-काढणीला माणूस लागतं, आणि बाजारात तिचं मोल नाही.

इथं मला कोसबाडची आठवण होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढं ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. शहरातली महागडी साधनं इथं चालणार नाहीत हे त्यांनी ओळखलं. पानं, बिया, खडे, शिंपले, जे आजूबाजूला आहे तेच शिकवण्याचं साहित्य झालं. अनुताई गेल्या त्या १९९२ सालीच. याच जिल्ह्यात, आणि वावर-वांगणी झालं त्याच वर्षी. तीस वर्षांहून जास्त काळ लोटला आणि आमच्या तक्त्यावर चीजचा तुकडा!

दुसरं केलं ते सामायिक खाण्याचं. काही मुलींनी ठरवलं, खात्यात पैसे आले की आधी ठरावीक रक्कम एकत्र काढायची आणि महिन्याचा शिधा भरायचा. डाळ, तेल, गूळ, शेंगदाणे, आठवड्यातून दोनदा अंडी. पहिल्याच आठवड्यात भांडण. रांधणार कोण? आळीपाळीनं रांधायचं तर पाठ टाचणं कधी लिहायची? मुलग्यांनी शेजारच्या खोलीत खानावळीचा डबा लावला होता. ते म्हणाले, तुम्ही रांधताच आहात तर आमचंही रांधा, पैसे देतो. दोघी-तिघी तयारही झाल्या! यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी बचत गटातल्या एका विधवा ताईंना पैसे देऊन रांधायला बोलवायचं ठरलं, आणि मुलग्यांनाही घ्यायचं, पण बाजारहाट आणि भांडी त्यांनी करायची. बाजार त्यांनी केला. भांडी तीन दिवस घासली, मग सोडून दिली. आता ती पुन्हा मुलीच घासतात. खोटं कशाला सांगू?

लोहाची गोळी रिकाम्या पोटी नको, आणि चहाबरोबर तर नकोच, चहानं लोह अंगी लागत नाही. बरोबर लिंबू किंवा आवळा घ्या, जंताची गोळी घ्या, आणि हे सगळं तपासणीनंतर. एवढं आता मुलीच एकमेकींना सांगतात. सोमवारची माझी पोलीसगिरी बंद झाली. कोसळलेल्या मुलीचं हिमोग्लोबिन चार-पाच महिन्यांत १०.६ झालं.

फसलं ते पैशांचं. त्याच मुलीचे वडील एक दिवस वसतिगृहावर आले. दोन महिने घरी पैसे पोचले नव्हते. मी मनात भाषण तयार करूनच गेले, मुलीचा हक्क, मुलीचं आरोग्य, वगैरे. ते ओट्यावर बसले होते. पायाला भट्टीची माती तशीच. मुकादमाची उचल फिटली नव्हती, रोजगार हमीचे पैसे अडकले होते, घरी धाकटी तीन. त्यांनी आवाज चढवला नाही. लेकीला एवढंच म्हणाले, ‘तुला सरकार खायाला देतं बाय. आमाला कोण देतं?’

माझं भाषण माझ्याजवळच राहिलं. मुलीनं वर जाऊन पैसे आणले आणि दिले. सगळे नाहीत, निम्मे. निम्मे ठेवले, याचा मला आनंद झाला आणि आनंद झाल्याची लाजही वाटली. सामायिक शिध्यात तिचा वाटा त्या महिन्यात बाकीच्यांनी भरला. पुढच्या महिन्यात भरतील का, सांगता येत नाही.

म्हणून मी म्हणते, ‘सवयी’ हा शब्द जपून वापरा. सवय बदलता येते, ती बदलायला माझ्यासारखी एखादी बाई पुरते. पण ज्या मुलीच्या जेवणाच्या पैशावर घर अवलंबून आहे तिच्या न जेवण्याला सवय म्हणणं म्हणजे घराचा आणि सरकारचा, दोघांचाही हिशेब तिच्या नावावर मांडणं आहे. आपल्या मागण्या मी गटचर्चेच्या कागदावर लिहिल्या आहेत. वसतिगृहात दोन वेळचं शिजवलेलं जेवण की पैसे, हे ठरवताना मुलींना वेगळं, मुलग्यांशिवाय बसवून विचारावं. ज्या शाळेत सराव पाठ आहेत तिथं आधी संडासाची कडी आणि पाणी पाहावं, मगच छात्राध्यापिका पाठवाव्यात. दुपारी त्या मुलांना खिचडी वाढतात आणि स्वतः उपाशी उभ्या असतात, कारण ती खिचडी त्यांच्या हिशेबात धरलेली नसते. सराव पाठाच्या दिवशी त्यांनाही जेवण मिळावं. फार मोठं काही मागत नाही आपण.

विक्रमगड, वाड्याकडून आलेल्या मैत्रिणींनी आपापल्या भागातल्या वसतिगृहांत काय चाललंय ते आज जरूर सांगावं. मला दोनच तालुके ठाऊक आहेत.

आणि एक सूचना. शेजारच्या खोलीत परिचारिका ताई हिमोग्लोबिन तपासायला बसल्या आहेत, चार वाजेपर्यंत. माझं गेल्या महिन्यात १०.४ निघालं, तेव्हा लाजायचं कारण नाही. मोखाड्याची गाडी पकडायची आहे त्यांनी आधी जा. जेवण तयार आहे. वाढायला आज संयोजकांपैकी पुरुष कार्यकर्ते उभे आहेत, तेव्हा कुणीही उठून हातभार लावायला जाऊ नका. बसून जेवा.